गोष्ट कुठे वळते

आटपाट नगराला पिन कोड नसतो. तिथे एक राजा असतो, त्याला एक आवडती आणि एक नावडती राणी असते, एवढं सांगून झालं की गोष्ट चालायला लागते. कुठला राजा, कोणत्या सालातला, हे विचारायचं नसतं. नवी मुंबईचं सगळं याच्या उलट. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनी प्रकल्पात धरल्या गेल्या, आणि नगर आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलं गेलं. नोड, सेक्टर, प्लॉट नंबर, सगळं मोजलेलं. तरीही श्रावण लागला की वाशी-नेरूळच्या बाजारात आघाडा-दूर्वांच्या जुड्यांशेजारी जिवतीचे कागद मांडले जातात. वर नरसिंह, खाली कालियामर्दन करणारा कृष्ण, त्याखाली मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि तळाला हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही तो कागद भिंतीला चिकटतो, आणि शुक्रवारी कुणीतरी त्याच्यापुढे बसून आटपाट नगरातली गोष्ट वाचतं. हल्ली फोनवरही लावतात. शहर पन्नास-पंचावन्न वर्षांचं, आणि गोष्ट किती जुनी याचा हिशोब कुणाकडेच नाही. अशा गोष्टीचा अर्थ लावायचा तर कशाच्या आधाराने, असा माझा प्रश्न आहे.

अभ्यासकांनी दीडशे वर्षं बहुतेक एकच रस्ता धरला: सारखेपणाचा. जगभरच्या अद्भुतकथा एकमेकींसारख्या दिसतात हे खरंच आहे. नाव नसलेलं नगर, दुर्लक्षित धाकटं भावंड, तीनदा घडणारी गोष्ट, मोडू नये असा एक नियम आणि तो मोडणारं कुणीतरी, बोलणारा प्राणी, शेवटी एखाद्या खुणेवरून पटणारी ओळख. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी 1910 मध्ये अशा कथांना क्रमांक द्यायला सुरुवात केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सन यांनी ती यादी वाढवली आणि 2004 मध्ये हान्स-यॉर्ग उथर यांनी ती पुन्हा नीट लावली. रशियात व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्ये दाखवलं की पात्रं कितीही बदलली तरी घटनांचा सांगाडा तोच राहतो. त्यांनी अशी 31 कार्यं मोजली. मग अर्थ लावणारे आले. कुणी म्हणालं, सगळ्या गोष्टी भारतातून निघून पश्चिमेला गेल्या. कुणी म्हणालं, सगळ्या माणसांची स्वप्नं सारखी म्हणून गोष्टी सारख्या. ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1976 च्या आपल्या पुस्तकात परीकथा म्हणजे मुलांच्या मनातल्या भीतीला मिळालेली वाट, असं मांडलं. यातलं कुठलंच साफ चूक नाही. अडचण अशी की ही प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लागते. जी किल्ली सगळ्या घरांची दारं उघडते ती हे घर कुणाचं ते सांगत नाही. म्हणून मला वाटतं, सारखेपणा फक्त गोष्टींचं नातं सांगतो, गोत्रासारखं. अर्थ शोधायचा तर त्याच सांगाड्याची गोष्ट आपल्याकडे आली की नेमकी कुठे वळते ते बघावं.

लेकीकडे निघालेली म्हातारी घ्या. वाटेत रान, रानात वाघ-कोल्हे, प्रत्येकाला तिला खायचंय. ती प्रत्येकाला सांगते की आत्ता माझ्यात नुसती हाडं आहेत, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. येताना ती भोपळ्यात बसून येते आणि भोपळा टुणुक टुणुक रान ओलांडतो. ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही. इराणमध्येही म्हातारी भोपळ्यात बसून गडगडत येते, आणि बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी 1910 च्या ‘टुनटुनिर बोई’त कुबड्या म्हातारीला नातीकडे पाठवलंय. आता तिच्याशेजारी युरोपातली लाल टोपीवाली मुलगी उभी करा, कथाप्रकार क्रमांक 333. घटक तेच: रान, एकटी बाई, खायला टपलेलं जनावर, दुसऱ्या टोकाला रक्ताच्या नात्याचं घर. पण तिथे लहान मुलगी आजीकडे जाते, आणि शार्ल पेरो यांच्या 1697 च्या रूपात लांडगा तिला खाऊन टाकतो. वाचवायला कुणी येत नाही. ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये शिकाऱ्याला आणून तिला लांडग्याच्या पोटातून बाहेर काढवलं. पेरोने तर शेवटी तरुण मुलींसाठी बोधाच्या ओळीही जोडल्या. आपल्याकडे प्रवासाची दिशा उलटी आहे. म्हातारी तरुणीकडे जाते, धडधाकट परत येते, आणि तिला कुणी काही शिकवत नाही. उलट तीच जनावरांना शिकवते.

हा फरक गंमतीचा म्हणून सोडून देता येईल, पण त्यात एक जुनी रीत अडकलेली आहे. अनेक घरांत लेकीच्या सासरी आईबापांनी जेवू नये, निदान नातवंड होईपर्यंत तिथलं पाणीही पिऊ नये, अशी पद्धत होती. दिलेल्या घरचं घ्यायचं नाही. गोष्टीतली म्हातारी लेकीकडे जाते ती तूप-पोळी खाऊन लठ्ठ व्हायलाच, आणि तसं मोठ्याने सांगत जाते. पेरोची गोष्ट मुलींना धाक घालणाऱ्याची आहे. भोपळ्याची गोष्ट सांगणारी स्वतःच भोपळ्यात बसलेली आहे. मांडीवरच्या नातवाला ती सांगत असते तेव्हा ऐकणाऱ्याला वाघाची मजा वाटते, सांगणारीला लेकीच्या हातच्या तुपाची. लाडाच्या गोष्टीत कुणी रीतभात तपासत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

दुसरा पुरावा जरा आडवाटेचा आहे. 1868 मध्ये मेरी फ्रेअर या मुलीने ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक छापलं. तिचे वडील बार्टल फ्रेअर तेव्हा नुकतेच मुंबईच्या गव्हर्नरपदावरून उतरले होते. 1865-66 च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना अ‍ॅना लिबराटा डिसोझा या आयेने तिला या गोष्टी सांगितल्या. अ‍ॅनाच्या आजोबांचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिने आजीकडून ऐकलेल्या, आणि सांगितल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तेव्हा त्यांना निखळ मराठी म्हणता येणार नाही, दख्खनच्या म्हणावं. त्यातली पहिली गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची. त्याचा जीव त्याच्या अंगात नाही, दूर रानातल्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात आहे. क्रमांक 302. ही कल्पना इतकी पसरलेली आहे की जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’मध्ये देहाबाहेर ठेवलेल्या जिवाची चर्चा करताना पंचकिनलाही घेतलं. रशियात कोश्चेईचा मृत्यू अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात. नॉर्वेच्या राक्षसाचं काळीजही असंच दूर ठेवलेलं. सगळीकडे कैदेत ठेवलेली बाई गोड बोलून राक्षसाकडून ते गुपित काढते. मग सोडवायला कोण येतं? रशियात आणि नॉर्वेत राजपुत्र, तिचा नवरा किंवा होणारा नवरा. पंचकिनच्या गोष्टीत नवरा दगड होऊन पडलेला आहे, आणि माळ्याच्या मुलीचा वेष घालून मनोऱ्यात शिरतो तो कैदेतल्या बालनाचा मुलगा. तिला पळवलं तेव्हा तो पाळण्यात होता. सांगाडा हाडाहाडाने तोच, आणि वळण पुन्हा त्याच बाजूला: नवरा-बायकोच्या धाग्यावरून आई-लेकराच्या धाग्यावर.

ही बाजू कुठे सर्वांत ठळक दिसते, तर जिथे पश्चिमेला फ्रॉइडची किल्ली सर्वांत चपखल वाटली तिथे. मुलगा नकळत आईशी लग्न करतो, ही क्रमांक 931 ची गोष्ट ग्रीसमध्ये राजा इडिपसची आहे. खरं कळतं तेव्हा आई गळफास घेते, मुलगा स्वतःचे डोळे फोडतो. इरावती कर्वे यांनी 1950 मध्ये ‘मॅन’ या ब्रिटिश नियतकालिकात या गोष्टीचं मराठी रूप प्रसिद्ध केलं. त्यात नायिका आहे सटवाईची मुलगी. आई रोज रात्री लोकांच्या कपाळी नशीब लिहायला जाते, तर माझ्या कपाळी काय लिहिलंस, असं ती विचारते, आणि उत्तर मिळतं: तू आपल्याच मुलाची बायको होशील. ती रानात जाऊन राहते, पुरुषाचं तोंड बघायचं नाही म्हणते, तरी होणारं होतंच. पुढे जुन्या वस्त्राच्या तुकड्यावरून तिला सगळं उमगतं. इथे गोष्ट वळते. ती कुणाला काही सांगत नाही. घर, नवरा, मूल, म्हातारे सासू-सासरे सांभाळत राहते. ए. के. रामानुजन यांना कन्नडमध्ये मिळालेल्या जवळजवळ अशाच गोष्टीत बाई जीव देते. मराठीत तीही वाट नाही. रामानुजन यांनी दाखवून दिलेला मुद्दा असा की ग्रीक गोष्ट मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि आपली आईच्या. डोळे बदलले की पाप, वासना, शिक्षा हे सगळे शब्द मागे पडतात आणि उरतो तो प्रश्न वेगळाच: जे कळलं ते पोटात ठेवून जगायचं कसं.

जिवतीच्या शुक्रवारच्या कहाणीत हेच बीज आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती पूजेच्या वेळी हात जोडून ऐकली जाते. राणीला मूल नाही म्हणून सुईण एका ब्राह्मणबाईचं मूल चोरून राजवाड्यात नेते आणि बाईला सांगते, तुला वरवंटा झाला. मुलगा मोठा होऊन राजा होतो, आणि एका रात्री नकळत स्वतःच्या आईच्याच घरी वाईट हेतूने निघतो. दारात वासराच्या शेपटीवर त्याचा पाय पडतो. वासरू गाईकडे तक्रार करतं, आणि गाय म्हणते की जो आईकडे जायला भीत नाही तो तुझ्या शेपटीची काय पर्वा करणार. राजा तिथूनच मागे फिरतो. पुढे स्वतःच घातलेल्या गावजेवणात तो तूप वाढत त्या बाईपाशी येतो, तिला पान्हा फुटतो आणि दुधाची धार त्याच्या तोंडात उडते. ग्रीसमध्ये जे गुप्तहेरासारखं चौकशी करकरून बाहेर येतं, ते इथे पान्हा सांगतो. ओळखीची खूण म्हणून कुठे अंगठी असते, कुठे पायातली चप्पल. इथे आईचं अंगच खूण आहे.

आता आक्षेप. पहिला सोपा: कहाण्या म्हणजे व्रतकथा, त्यांना परीकथांच्या पंगतीत बसवणं चुकीचं. पण 1914 मध्ये चार्ल्स किंकेड यांनी याच श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या तेव्हा नाव दिलं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’, चित्रं काढली म. वि. धुरंधरांनी, आणि त्या परीकथा म्हणूनच वाचकांपुढे ठेवल्या. व्रत काढून घेतलं तरी गोष्ट उभी राहते, याहून मोठा दाखला नको. दुसरा आक्षेप जड आहे. या गोष्टी बाईच्या म्हणता, पण त्यांत फळ म्हणून मिळतो तो मुलगाच, सून सहन करते म्हणूनच चांगली, आणि नावडती राणी शेवटी पुन्हा त्याच राजाच्या घरी नांदायला जाते. हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. शिवाय छापील कहाण्यांतलं जग बऱ्याच अंशी ब्राह्मणाच्या ओसरीवरचं. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारणींचं जग त्यात नाही. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर जे जमवलं, अभ्यासलं ते या छापील पोथ्यांच्या बाहेर किती आहे हे पाहिलं की कळतं. पण बेडी आणि आवाज एकाच गोष्टीत राहू शकतात. रामानुजन यांनीच म्हटलंय की पुरुषाच्या गोष्टी लग्नाशी संपतात आणि बाईच्या तिथून सुरू होतात. कहाण्यांना ते तंतोतंत लागू आहे. लग्न आधीच झालेलं, सासर आधीच मिळालेलं, आता बोला.

तिसरा आक्षेप निवडीचा: सोयीच्या चार गोष्टी उचलल्या. काही अंशी कबूल. पारावर, तमाशाच्या वगात, पुरुषांनी पुरुषांना सांगितलेल्या चातुर्यकथा वेगळ्याच वळतात, त्यांना हे माप लावू नये. मी चुलीजवळच्या गोष्टींबद्दल बोलतोय. तिथे मात्र कुठलीही उचला. चिमणी-कावळ्याचीच बघा, अगदी तान्ह्यांची. पावसात शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं टिकतं, इथवर ती तीन डुकरांच्या इंग्रजी गोष्टीची बहीण वाटते. पण डुकरांचं दार भक्कम विटांमुळे बंद राहतं, चिमणीचं दार बाळाला न्हाऊ घालायचंय, कपडे घालायचेत, तीट लावायचीय म्हणून. (मेण उन्हात वितळेल की, असं चौकस पोरं विचारतात. गोष्ट कोकणातल्या पावसाळ्यात घडते, एवढं उत्तर पुरे.) गोष्टीचा सगळा ताण पाहुण्याला ताटकळत ठेवणाऱ्या त्या बाळाच्या अंघोळीत आहे.

हे सगळं घराच्या चार भिंतींतलंच असतं तर मी नवी मुंबईपासून सुरुवात केली नसती. श्रावण शुद्ध सप्तमीची, शिळासप्तमीची कहाणी मात्र थेट सार्वजनिक बांधकामाची आहे. राजा गावासाठी तळं खणतो, पाणी लागत नाही. जळदेवता सांगतात, सुनेचा वडील मुलगा बळी दे. मोठ्या कामाला माणूस मागितला जातो, हा घटकही जगभराचा. रुमानियात मनोले गवंडी आपली बायको भिंतीत चिणतो. सर्बियात श्कोदरच्या किल्ल्यासाठी सर्वांत धाकटी जाऊ चिणली जाते. शेजारच्या कर्नाटकात ‘केरेगे हार’ या कथागीतात तळ्याला पाणी यावं म्हणून धाकटी सून भागीरथी तळ्यात जाते, आणि लढाईवरून आलेला नवराही तिच्यामागे जीव देतो. मोठा पूल बांधायला घेतला की पायात मुलं पुरतात अशी अफवा याच देशात अनेकदा उठली, ती याच गोष्टीची सावली.

मराठी कहाणीतला राजा मनाशी म्हणतो, सून कबूल होणार नाही. म्हणून तो तिला माहेरी पाठवून देतो आणि मुलाला ठेवून घेतो. इथे प्रतीकं शोधायची गरज नाही. ज्याचं जाणार त्याला न विचारता निर्णय घ्यायचा, हे गोष्ट उघड सांगते. लक्षात घ्या, देवतांनी राजाचा मुलगा मागितलेला नाही. 95 गावांच्या परिसरात प्रकल्पग्रस्त हा शब्द आडनावासारखा वापरला जातो, तिथे ही गोष्ट समजावून द्यावी लागू नये. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, दहा गावं हलली. शहराला पाणी येतं ते खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून, आणि तिथेही जमीन गेलेली माणसं आहेत. कहाणी सांगणाऱ्या बायकांच्या मनात सिडको नव्हती, असं कुणी म्हणेल. नव्हतीच. पण तळं कुणाचं, पाणी कुणाला आणि मूल कुणाचं, हा हिशोब त्यांच्या मनात होता, नाहीतर सुनेला माहेरी पाठवण्याची खटपट गोष्टीत आलीच नसती. मूल नुसतं हरवलं असतं तरी कथानक चाललं असतं.

आणि वळण शेवटी येतं. कर्नाटकातली सून मरते, रुमानियातली भिंतीत राहते. मराठी सून माहेराहून परत येते, वाटेत सासऱ्याचं तळं भरलेलं दिसतं. तिला काहीच माहीत नाही. सप्तमीचा वसा आहे म्हणून ती काठावर काकडीच्या पानावर दहीभात ठेवते, पाण्याची प्रार्थना करते, आणि पाण्यात कुणीतरी तिचा पाय ओढतं. ती बघते तर आपलाच मुलगा. त्याला कडेवर घेऊन ती घराकडे निघते. बातमी राजवाड्यात पोचते, तेव्हा राजा येऊन तिचे पाय धरतो, मूल आम्ही बळी दिलं होतं हे कबूल करतो, आणि ते परत कसं आलं म्हणून तिला विचारतो. सगळ्या कहाणीत सुनेला विचारलेला हा पहिला प्रश्न.